आमटीइतकं खारट

फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर महाडच्या गाडीची वाट बघत उभी होते. शनिवार होता. बुधवारी आणि शनिवारी दादाचं महाडला डायलिसिस असायचं, आणि गेले सात महिने त्या दोन दिवशी माझं एकच काम ठरलेलं होतं. सकाळी उठून त्याच्यासाठी डबा करायचा, फडक्यात बांधायचा आणि नऊच्या आत गाडी धरायची. त्या दिवशी गाडी उशिरा होती म्हणून मी कंट्रोलरच्या खिडकीशी हुज्जत घालत होते. निवृत्त मास्तरीण मी, हुज्जत घालणं एवढंच आता हातात उरलंय. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. वहिनींचा होता. "वन्सं, निघालात का तुम्ही?" मी म्हटलं, गाडीच आली नाही अजून. तर म्हणाल्या, "मग सावकाश या… आता घाई नाही." मला कळलं. तरी मी पुन्हा खिडकीशी गेले आणि गाडी कधी येणार म्हणून पुन्हा त्याच माणसाला विचारलं. महाडपर्यंत डबा मांडीवर होता. झाकण गरम होतं. दादाच्या घरी पोचल्यावरही मी तो धरूनच बसले होते, शेवटी शेजारच्या बाईंनी माझ्या हातातून काढून घेतला. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

दत्तादादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. उमरठच्या पलीकडच्या वाडीत आमचं घर, चहूकडे डोंगर, समुद्र म्हणजे काय ते आम्हाला शाळेतल्या नकाशावर निळ्या रंगात दिसलेलं. अशा वाडीतला हा मुलगा पुढे जन्मभर समुद्रकाठच्या माश्यांच्या मागे लागला. मासे नव्हे, माश्या. उडणाऱ्या. हे मी पहिल्यांदा माझ्या सासरी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. दादा महाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट होता. बेडूक आणायचे, भिंगं पुसायची, बाटल्यांत स्पिरिट भरायचं, हे त्याचं काम. लोक त्याला मास्तर म्हणायचे, आणि तो प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "मास्तर नाही हो, मी बाटल्या धुतो." चुकीचं काही कानावर पडलं की त्याला ते दुरुस्त केल्याशिवाय चैन पडायचं नाही. लग्नाच्या पंगतीत भटजींनी नक्षत्र चुकीचं सांगितलं म्हणून पंगत अडवून बसलेला माणूस तो. त्याचा हा स्वभाव नीट लक्षात ठेवा, कारण मला त्याच्यावर राग आहे तो याच कारणाने.

महाडच्या खाली, जिथे सावित्रीला खाडीचं पाणी येऊन मिळतं, तिथे ओहोटीला काळाभोर चिखल उघडा पडतो. एकदा मुलांची सहल घेऊन कॉलेजातले सर तिकडे गेले, दादा बाटल्यांची पेटी घेऊन मागून. मुलं खेकडे बघत होती. दादाला दिसलं ते वेगळंच. चिखलावर पाऊल टाकलं की पायापुढून राखाडी धुरळा उठायचा, हातभर पुढे जाऊन पुन्हा खाली बसायचा. खाली वाकून बघितलं तर तो धुरळा नव्हता, तिळाएवढ्या माश्या होत्या. हजारो. चावत नाहीत, अन्नावर बसत नाहीत, घरात येत नाहीत, चिखलावरचं हिरवं शेवाळ खातात आणि तिथेच मरतात. त्याने सरांना विचारलं, सर, या कोणत्या? सर म्हणाले, चिलटं असतील. हे उत्तर त्याला आयुष्यभर पुरलं. म्हणजे, आयुष्यभर खटकलं. कुठल्याशा जुन्या पाठ्यपुस्तकात त्याला अशा माश्यांबद्दल दीड ओळ सापडली, की खारट जागी राहतात, दुसरं कोणी राहू शकत नाही अशा ठिकाणीही राहतात. त्या दीड ओळीवर दादाने तीस वर्षं काढली. त्याने त्यांना खारमाशी असं नाव ठेवलं. आमची आई म्हणायची, "माशीला नाव ठिवतो, पोराला नाय ठिवलान." दादा-वहिनींना मूल नव्हतं, आणि आई असं बोलायला कधी कचरली नाही.

खाडीत मीठ किती, डबक्यात किती, हे मोजायला त्याच्याकडे यंत्र नव्हतं. कॉलेजातलं एक होतं ते बिघडलेलं. मग त्याने स्वतःची रीत काढली. बोट बुडवायचं, एक थेंब जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, थुंकायचं, आणि बाटलीवर चिठ्ठी लावायची. त्यावर आकडा नसे. त्यावर लिहिलेलं असे : 'अळणी', 'भाताच्या पेजेइतकं', 'आमटीइतकं', 'लोणच्याइतकं', 'तोंडात धरवेना'. मी त्याला म्हटलं होतं, दादा, नाही नाही ते पाणी तोंडात घालतोस, कधीतरी पटकी होऊन मरशील. तर म्हणाला, "बेबी, जीभ खोटं बोलत नाय गो." आणि खरंच त्याची जीभ अचाट होती. आमच्या घरी तो जेवायला आला की पहिल्या घासाला सांगायचा, आज मीठ दोनदा पडलंय, किंवा, आज भाजीत घातलंस आणि डाळीत विसरलीस. माझे यजमान म्हणायचे, हा माणूस पाहुणा म्हणून यायला नको, तपासणीस म्हणून यावा.

या माश्या फक्त समुद्राकाठी असतात की जिथे मीठ तिथे असतात, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. त्यासाठी एकदा तो जाळी घेऊन कुडपणच्या पठारावर चढून गेला, आणि दोन दिवस भाताची खाचरं, झरे, गुरांची पाणवठी धुंडाळून परत आला. का, तर तिथे खारमाशी नाही याची खात्री करायला. मी म्हटलं, नाही ते बघायला एवढा डोंगर चढलास? म्हणाला, नसेल तर नाही असं लिहायला नको? आणि मग त्याने मला भर बाजारात तोंड लपवायला लावलं तो प्रसंग. पोलादपूरच्या आठवडी बाजारात सुकी मच्छी विकणाऱ्या बायका बसतात. त्यातली एक वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात खारवलेल्या माशांची टोपली धुवायची, पाणी मागच्या बाजूला एकाच खड्ड्यात ओतायची. माझ्याबरोबर भाजी घ्यायला आलेला दादा त्या खड्ड्याशी एकदम उकिडवा बसला, खिशातलं भिंग काढलं आणि नाक जवळजवळ चिखलाला लावलं. एक म्हातारा थांबला. "काय हरावला काय मास्तर?" दादा भिंगातून बघतच राहिला. म्हाताऱ्याने ठरवूनच टाकलं की बाईंच्या कानातलं पडलेलं दिसतंय. म्हणजे माझ्या. पाच मिनिटांत आठदहा माणसं वाकून जमीन बघायला लागली, एक बाई मला धीर द्यायला लागली की सापडंल गो, रडू नको. मी रडत नव्हते, मला जमिनीत गडप व्हायचं होतं. तेवढ्यात दादा ओरडला, "सापडली! सापडली!" सगळे धावले. त्याच्या चिमटीत तिळाएवढी माशी. मासळीवाली त्याच्याकडे बघत म्हणाली, "हीच होय? ही तर रोज असती हितं. नेतास तर ने सगली." समुद्रापासून एवढ्या आत, घाटाच्या पायथ्याशी, त्या एका हातभर खड्ड्यात खारमाशी होती. टोपल्यांबरोबर आली की वाऱ्याने आली, ते त्याला कधी कळलं नाही. पण त्या दिवशी जाताना त्याने खड्ड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि भर बाजारात मला सांगितलं, "लोणच्याइतकं!"

त्याच्या या वेडाचा कोणाला उपयोग झालाच असेल तर तो महादूला. महादूची खाडीकाठी खारजमीन. एका वर्षी भरतीला त्याचा बांध फुटला आणि शेतात खारं पाणी शिरलं. पुढच्या पावसात मीठ धुऊन गेलं की नाही, भात लावायचा की नाही, हे तो दादाला विचारायला आला. दादा शेतात गेला, गुडघे टेकून बसला, आणि चिखलावर टाळी वाजवली. बांधाच्या कडेने राखाडी धुरळा उठला. "माशी हाय अजून," दादा म्हणाला. महादू म्हणाला, "मंग?" दादा म्हणाला, "मंग काय, लावू नको यंदा." महादूने लावलं. पोटाला लागतंच ना. रोपं पंधरा दिवसांत पिवळी पडून बसली. मला वाटलं, दादा आता मिरवेल, की बघा, माझी माशी बरोबर होती. तो चार दिवस बोललाच नाही. मग म्हणाला, "मला कळतं मीठ कुठे हाय ते. काढता येत नाय. नुसतं कळून काय करायचं बेबी?" हे वाक्य त्याने त्या दिवशी महादूच्या शेताबद्दल म्हटलं होतं.

माश्यांचं खरं नाव कळावं म्हणून त्याने पुण्याच्या एका मोठ्या संस्थेला तीनदा नमुने पाठवले. एकदा उत्तर आलं नाही, एकदा आलं की नमुने वाटेत खराब झाले आहेत, पुन्हा पाठवा, आणि तिसऱ्यांदा पुन्हा काहीच नाही. मग महाडात तो मोठा पूर आला. घराच्या खालच्या मजल्यावर डोक्याच्या वर पाणी होतं, आणि खालीच त्याच्या बाटल्यांची कपाटं होती. पाणी ओसरल्यावर मी मदतीला गेले तर हा चिखल उपसत नव्हता, चिखलातून बाटल्या शोधत होता. पोटमाळ्यावर ठेवलेल्या वीसपंचवीस तेवढ्या वाचल्या. "तीस वर्षं मिठातून वेचून आणलेलं गोड्या पाण्यानं नेलं," म्हणाला, आणि हसला. मला हसू आलं नाही. तेव्हाच त्याच्या पायांवर सूज दिसली होती. मला वाटलं, पाण्यात उभं राहून आली असेल. त्यालाही तसंच वाटलं. रक्तदाबाची गोळी तो आठवण झाली तर घेत असे, आणि त्याला आठवण फक्त माश्यांची व्हायची.

दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हा बराच उशीर झालेला होता. पहिल्या डायलिसिसच्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसले होते. त्याचं रक्त नळीतून यंत्रात जाताना बघून मला घेरी येत होती, आणि हा मात्र यंत्राकडे डोळे लावून. म्हणाला, "बेबी, खारमाशीची अळी दाखवली होती तुला, आठवते? मिठाच्या पाण्यात मजेत वळवळणारी? तिच्या पोटात बारीक नळ्या असतात, नको असलेलं मीठ त्या बाहेर काढून टाकतात. तांदळाच्या कणीएवढी अळी. मी तिच्यापेक्षाही गेलो बघ. मला पलंगाएवढं यंत्र लागतं." शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ हसले. मग त्या खोलीत दर बुधवारी आणि शनिवारी दादा असाच काहीतरी बोलायचा, आणि माणसं हसायची, आणि मला वाटायचं, चला, हा तरून जाणार.

त्याला त्रास झाला तो सुयांचा नाही, जेवणाचा. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. वहिनी कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी लोणच्याची बरणी, पापड, सुकट सगळं शेजारी देऊन टाकलं आणि अळणी रांधायला लागल्या. दादा दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. महिन्याभरात त्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. माझा हात धरून म्हणाला, "बेबी, जिभेला काही लागतच नाय. माती खाल्ल्यासारखं वाटतं… माती बरी, तिला चव असते." ज्या माणसाने जिभेवर सगळं आयुष्य काढलं त्याची जीभ रिकामी झाली होती. मला ते बघवेना. गाडीत बसून पोलादपूरला येईपर्यंत मी विचार करत होते, आणि घरी आल्यावर मला सुचलं. सोमवार होता. मी लग्न झाल्यापासून सोमवार करते. गॅसवर वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. सगळं सैंधवातलं. उपवासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं, हे आम्हा बायकांच्या हाडात मुरलेलं आहे. चाळीस वर्षं दर सोमवारी मी मीठ न खाता राहिले आहे, आणि चाळीस वर्षं दर सोमवारी सैंधव खाल्लं आहे, आणि ही दोन एकच आहेत असं माझ्या मनात कधीही आलं नाही. मी टाळीच वाजवली स्वयंपाकघरात. दादाला उपवासाचं करून न्यायचं! हलकं, सात्त्विक, आणि मीठही नाही.

बुधवारी डबा नेला. वहिनींना सांगितलं, उपवासाचं आहे हो, सैंधवातलं. त्या म्हणाल्या, हां, मग ठीक. त्याही गुरुवार करतात. दादाने आमटीची वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, आणि थांबला. डोळे मिटले. मग माझ्याकडे बघितलं… बराच वेळ बघितलं. म्हणाला, "चव हाय गो बेबी." आणि सगळी वाटी संपवली. मला काय आनंद झाला होता ते मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि मी भाषेची शिक्षिका. त्यानंतर सात महिने मी एकही बुधवार-शनिवार चुकवला नाही. कधी रताळ्याचा कीस, कधी दाण्याची आमटी, कधी बटाटा. बाकीचे दिवस तो वहिनींचं अळणी कसंबसं गिळायचा आणि माझ्या दिवसाची वाट बघायचा. दरम्यान त्याची तहान वाढली. पाणीही मोजून प्यायचं होतं, आणि दर खेपेला वजनकाट्यावर अंगात साठलेलं पाणी दिसायचंच. सिस्टर ओरडायच्या, काका, पाणी फार पिताय. मीही ओरडायचे. मोठ्या भावाला, सगळ्यांसमोर, वर्गातल्या पोराला बोलावं तसं : "दादा, लाज नाही वाटत? एवढासा संयम नाही तुला?" तो म्हणायचा, "चुकलं गो." हे मला सगळ्यात जास्त आठवतं. मी त्याला मीठ भरवलं आणि तहान लागली म्हणून रागावले.

शेवटच्या बुधवारी त्याला दम लागत होता. तरी डबा संपवला. मी निघताना म्हणाला, "शनिवारी आमटीच आण." शनिवारी पहाटेच त्याला श्वास घेता येईना, आणि दवाखान्याची गाडी दारात येईपर्यंत तो गेला होता. मी तेव्हा दाणे भाजत होते.

पंधरा दिवसांनी त्याचे काही कागद आणायला मी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, भले आहेत. सहज, अगदी सहज, बोलण्याच्या ओघात मी म्हटलं, मी त्याला नेहमी सैंधवातलंच करून आणायचे. ते लिहिता लिहिता थांबले. "ताई," म्हणाले, "सैंधव म्हणजे मीठच." मी म्हटलं, पण उपवासाला चालतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, अजून काय असायचं डब्यात? मी सांगत गेले, बटाटा, रताळं, दाणे… आणि सांगता सांगता त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझा आवाज बारीक होत गेला. पथ्याचा कागद पहिल्याच दिवशी दिला होता म्हणाले. त्यावर या सगळ्या वस्तू लिहिलेल्या होत्या, नकोत म्हणून. कागद वहिनींकडे फ्रिजवर चिकटवलेला होता. मी त्यातली 'मीठ बंद' ही पहिली ओळ वाचली होती. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा, मग लिहायला घ्या. डॉक्टर म्हणाले, "त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. त्यांचं हृदयही थकलेलं होतं." मी विचारलं, मग त्याने झालं नाही असं म्हणाल का? त्यांनी दादाचे कागद माझ्यापुढे सरकवले. त्यांचा काही दोष नाही, खरं तेच ते सांगत होते.

त्या दिवशी मी पोलादपूरला आले नाही, वहिनींकडेच थांबले. पोटमाळ्यावरून त्याच्या बाटल्या खाली काढल्या. वहिनींना वाटलं, आठवण म्हणून बघतेय. स्पिरिट उडून अर्ध्याअधिक कोरड्या पडल्या होत्या, तळाशी काळी पूड. नवीन स्पिरिट भरावं तर किती, कुठलं, मला माहीत नाही. त्या माश्यांचं काय करायचं, कोणाला द्यायच्या, तेही माहीत नाही. ज्यांचं नाव त्यालाच मिळालं नाही त्या मी कोणाला काय म्हणून देऊ? एकेक चिठ्ठी वाचत गेले. 'भाताच्या पेजेइतकं'. 'लोणच्याइतकं'. मग 'आमटीइतकं' अशी एक आली, आणि मी तिथेच जमिनीवर बसले. ज्याला एका थेंबावरून खाडीचं पाणी कळत होतं त्याला माझ्या वाटीभर आमटीतलं मीठ कळलं नाही? अळणी खाऊन खाऊन जीभ नुसती आसुसलेली असताना? पहिल्या घोटालाच कळलं असणार. म्हणून डोळे मिटले. म्हणून माझ्याकडे तसा बघत राहिला. मला त्याचा इतका संताप आला की मी ती बाटली भिंतीवर फेकणार होते. भटजींना सोडलं नाहीस, सरांना सोडलं नाहीस, लोक तुला मास्तर म्हणाले तरी दुरुस्त केलंस. मला दुरुस्त करायला काय झालं होतं? एक वाक्य होतं. बेबी, हे मीठच आहे. एवढंच म्हणायचं होतं. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण तू… पण भांडायचं कोणाशी? ज्याच्याशी भांडायचं तो नाही, आणि त्याने उत्तर काय दिलं असतं तेही मला माहीत नाही. वहिनींना मी काहीच सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

मग वहिनींचा निरोप आला. दादाचं महिन्याचं पान वाढायचं होतं, मासिक श्राद्धाचं. "बाकी मी बघते," म्हणाल्या, "पण दाण्याची आमटी तुम्ही करा वन्सं. ह्यांना तुमच्या हातची आवडायची." नाही कसं म्हणायचं? सकाळच्या गाडीने गेले. दाणे भाजले, सोलले, वाटले. तुपात जिरं, मिरची, आमसूल, जरासा गूळ. आमटीला उकळी आली आणि माझा हात थांबला. वहिनी पलीकडे वरणाचं बघत होत्या. "झाली का?" मी म्हटलं, मीठ राहिलंय. "मग घाला की." मी पळी खाली ठेवली. आणि मग तिथे, गॅससमोर उभ्या उभ्या, मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, सैंधव, बटाटे, तो कागद, सगळं. माझं संपल्यावर त्यांनी वरणाचा गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "ह्यांना ठाऊक होतं."

मी म्हटलं, ते मला कळलंय.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "मलाही ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही गाडीला गेलात आणि हे मला म्हणाले, बेबीच्या आमटीत मीठ आहे. मी म्हटलं, आत्ता फोन करून सांगते त्यांना. तर माझा हात धरला. म्हणाले, आठवड्यातून दोन दिवस मी माणसासारखा जेवतो, तेवढं राहू दे. आणि तिला सांगू नकोस, ती पुन्हा कधी सुखाने रांधायची नाही… मी नाही सांगितलं वन्सं. सात महिने. दर वेळी तुमच्या हातातून डबा घ्यायचे, वाटी भरून ह्यांच्या पुढे ठेवायचे, आणि ह्यांचं वजन वाढलं की देवापुढे बसायचे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं."

आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. मला वहिनींना जवळ घ्यायला हवं होतं, मी घेतलं नाही. त्यांनीही मला घेतलं नाही. आमटी वर येऊन उतू जायला लागली तेव्हा त्यांनीच गॅस बारीक केला. मग मिठाचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. साधं, रोजचं, पांढरं मीठ. "घाला," म्हणाल्या. "आता काय व्हायचंय ह्यांना?"

मी घातलं. ढवळलं. सवयीने पळीतला एक थेंब तळहातावर घेतला, आणि वहिनींनी माझं मनगट धरलं. पानात वाढायचं ते आधी चाखायचं नसतं. मी हात धुतला. आमटी तशीच पानात वाढली, वहिनींनी पान कावळ्यासाठी मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. मग घरातली आणि शेजारची चार माणसं जेवायला बसली. मी वाढत होते, मला घास घेववला नाही. मीठ कसं पडलंय, हे मी कोणाला विचारलं नाही, आणि कोणी आपण होऊन सांगितलंही नाही.